निजाम पस्तीस

फेब्रुवारी 2000 मधला पहिला शनिवार. शनिवारी आमच्याकडे पेमेंटचा दिवस, त्यामुळे जिन्यापर्यंत रांग: लाइटवाला, ड्रेसवाला, जनरेटरवाला, ज्युनिअर आर्टिस्टचा सप्लायर. अंधेरी पश्चिमेला एका मधल्या फळीतल्या निर्मात्याकडे मी तेव्हा अकाउंट्स सांभाळत होतो. दुपारी सव्वाला रांग थांबवली, डबा उघडला आणि फोन वाजला. कॉलर आयडीच्या डबीवर नंबर नाही, नुसत्या आडव्या रेघा.

"मुनीमजी?"

"हां, बोला," मी सवयीने म्हणालो.

"अरे वा, आपला माणूस! जेवलात का?"

मला वाटलं लॅबमधलं कोणीतरी असेल. आवाज इतका घरगुती, की मी "बसतोच आहे" म्हणून उत्तरही दिलं.

"शेठ फोन घेत नाहीत. त्यांना सांगा, भाईंनी आठवण काढलीय. पंचवीस पेट्या."

पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे या लाइनीत स्पॉटबॉयलाही शिकवावं लागत नाही. असा फोन आला तर काय बोलायचं हे शेठनी मला पढवून ठेवलं होतं. तेच बोललो: पिक्चर अडकलाय, व्याजाने कंबरडं मोडलंय, पैसे आहेत कुठे.

"असं कसं? निजाम पस्तीसला दिलंत ना परवा?"

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

"सांताक्रूझचं वाचलंत ना पेपरात? मग. जेवून घ्या आता, डबा गार होईल."

डब्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. सव्वा वाजता मराठी कारकून डबाच खात असणार, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी उठून खिडकीचा पडदा ओढला.

सांताक्रूझ म्हणजे राकेश रोशन. 14 जानेवारीला त्यांचा 'कहो ना प्यार है' लागला, तुफान चालला आणि पुढच्याच शुक्रवारी, 21 तारखेला, त्यांच्या ऑफिसबाहेर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते वाचले. 1997 च्या ऑगस्टमध्ये अंधेरीतच देवळाबाहेर गुलशन कुमार वाचले नव्हते. त्यानंतर 'अशा धमक्या येतातच' म्हणून हसण्यावारी नेणारा माणूस लाइनीत उरला नव्हता.

पण मला त्या फोनमधली धमकी नव्हे, तो आकडा टोचत होता.

निजाम ही आमच्या धंद्यातली टेरिटरी, म्हणजे पिक्चरचे हक्क विकायचा एक विभाग. हैदराबादच्या जुन्या संस्थानावरून पडलेलं नाव, आपला मराठवाडाही त्यातच येतो. बुधवारी सौदा ठरला होता पस्तीस लाखांना. त्यातले वीस कागदावर, पंधरा रोख. करारात आकडा वीस. पस्तीस लिहिला होता तो फक्त कच्च्या वहीत, माझ्या अक्षरात. ती वही माझ्या कपाटात आणि कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी शेठच्या भाच्याकडे.

कच्ची वही का, असं कोणी विचारेल. उद्योगाचा दर्जा 1998 मध्येच जाहीर झाला होता, पण आमच्यासारख्याला बँक दारात उभं करत नव्हती. पैसा यायचा तो फायनान्सरकडून, महिना तीन टक्क्यांनी, आणि बराचसा रोखीत. म्हणूनच शेठ पोलिसांकडे जायला तयार नव्हते. 'तुम्ही पस्तीस घेतले हे त्याला कसं कळलं' हा पोलिसांचा पहिला प्रश्न असणार आणि त्याचं उत्तर थेट आयकर खात्यात जाणार. फोन करणाऱ्याला हे आमच्या सीएपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

शेठनी सगळं ऐकलं, पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "घर में ही कोई है."

त्यांचा संशय ऑफिसच्या पोऱ्यावर गेला. विशीतला मुलगा, कोकणातला, चहा आणायचा, बँकेत जायचा. कराराची झेरॉक्स त्यानेच काढून आणली होती. झालं, पुरावा मिळाला.

रविवारी घरी बसून मी हिशेब मांडला. मला दुसरं काय येतं? झेरॉक्सवर आकडा वीस, म्हणजे पोऱ्या पस्तीस बोलूच शकत नाही. आणि खरा सौदा तर पस्तीसचाही राहिला नव्हता. हिरोचा आधीचा पिक्चर पडला म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पार्टीने पाच तोडले. मी वहीत पस्तीस खोडून तीस केले. म्हणजे ज्याने आकडा पोचवला त्याने वही शुक्रवारच्या आधी पाहिली होती. भाचा गुरुवारी रात्रीच्या गाडीने लग्नाला राजकोटला गेला होता.

सोमवारी शेठच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो. तो त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. माझा डोंबिवलीच्या ब्लॉकचा हप्ता चालू. दोन्ही वेळा 'सही हवी होती' म्हणून दुसरेच कागद पुढे केले.

पोऱ्याला त्याच दुपारी काढलं. त्याचा हिशेब मीच केला. पगार अठराशे, त्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, सात दिवसांचे चारशे चौतीस रुपये पन्नास पैसे. व्हाउचरवर सही करताना त्याने विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?" मी म्हणालो, "काम कमी झालंय रे." त्याने आधी पैसे मोजले नाहीत. जिन्यात गेल्यावर मोजले, ते मला दारातून दिसलं.

पंधरा दिवसांनी शेठ स्वतः एका हॉटेलात कोणाला तरी भेटून आले. मांडवली झाली होती. दुबईचा पत्ता असलेल्या कुठल्याशा कंपनीला ओव्हरसीज हक्क अकरा लाखांना दिले. लंडनची पार्टी तोंडी चाळीस द्यायला तयार होती. म्हणजे मागितल्या पंचवीस पेट्या आणि गेल्या एकोणतीस, पण सगळं कागदावर, सहीशिक्क्यानिशी. एंट्री 'ओव्हरसीज हक्क विक्री' या नावाने मीच टाकली. फोन बंद झाले.

पुढच्या जानेवारीत पिक्चरांना पैसा पुरवणारे हिरेव्यापारी भरत शहा यांना अंडरवर्ल्डशी संबंध असल्याच्या आरोपावरून मोक्काखाली अटक झाली. तेव्हा कुठे पेपरांतून पेट्या, खोके, फोनच्या टेप्स सगळ्या देशाला कळलं. खटल्यात सिनेमातले भले भले साक्षीला उलटले. प्रीती झिंटा उलटली नाही. 2003 मध्ये निकाल लागला. शहा मोक्काच्या आरोपातून सुटले, शिक्षा झाली ती माहिती पोलिसांपासून दडवल्याबद्दल. ते वाचलं तेव्हाही मी त्याच टेबलावर होतो आणि भाचेबुवा समोरच्या केबिनमध्ये, एव्हाना पार्टनर झालेले.

व्हाउचरची कार्बन कॉपी त्या वर्षीच्या फायलीत होती. नोकरी सोडताना मी ती काढून घेतली. खाली पोऱ्याची सही आहे, मराठीत, पूर्ण नाव आणि पुढे गावसुद्धा.