तिथे कोण होतं ऐकायला

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

रविवारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. कुणी भांडलेलं नाही, कुणी टाकून बोललेलं नाही, उलट त्या पोराने अगदी सरळ मनाने विचारलं, पण ते कुसळासारखं रुतून बसलंय आणि गेले तीन दिवस मी भांडी घासताना, बसमध्ये, ऑफिसात व्हाउचरं लावताना तेच ते उगाळतेय.

रविवारी थेऊरला गेलो होतो. ताईचा मुलगा आलाय दिल्लीहून, तिकडे इतिहासात पीएचडी करतोय, म्हणाला मावशी चल, चिंतामणीला जाऊन येऊ. मला काय, थेऊर म्हटलं की मी पायात चप्पल घालूनच तयार. चतुर्थी नव्हती म्हणून गर्दी बेताची होती. दर्शन झालं, त्या लाकडी सभामंडपात खांबाला टेकून जरा बसलो, हा माधवराव पेशव्यांनी बांधवलेला बरं का असं मी सांगितलं, ते त्याला माहीतच होतं, आणि मग नदीकडे गेलो, त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या वृंदावनापाशी. मुळा-मुठेवर सगळी जलपर्णी पसरलेली, पाण्याला वास. वृंदावनावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं होतं, दोन झेंडू सुकून पडलेले. आणि मला तिथे दरवेळी होतं तसंच झालं, गळा दाटून आला आणि मी सांगायला लागले. १७७२ सालचा नोव्हेंबर, १८ तारीख, कार्तिक वद्य अष्टमी, राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, नुसता सापळा उरलेला २७ वर्षांचा पेशवा, ते रमाबाईंना काय म्हणाले, त्या त्यांना काय म्हणाल्या, सगळं, संवादांसकट, काल संध्याकाळी त्यांच्याकडून उठून आल्यासारखं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मावशी, पण हे बोलत होते तेव्हा तिथे कोण होतं गं ऐकायला?"

एवढंच.

मी म्हटलं, अरे असं आहे की सगळीकडे. तो म्हणाला, सगळीकडे म्हणजे कुठल्या कागदात? आणि मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले, कारण कागद नव्हताच माझ्याकडे. माझ्याकडे 'स्वामी' होती, रणजित देसाईंची माधवरावांवरची कादंबरी. माझ्याकडे कायम 'स्वामी'च होती.

परतताना लोणीला चहाला थांबलो तेव्हा त्याला वाटलं असावं आपण दुखावलं मावशीला, म्हणून मग तो एकेक सांगत बसला. ग्रँट डफचं सांगितलं, तो ज्यांनी राज्य बुडवलं त्यांच्यातलाच, कंपनीचा स्कॉटिश अधिकारी, पण पानिपताइतकाच माधवरावांचा अकाली मृत्यू मराठ्यांना घातक ठरला असं लिहून गेलाय. राक्षसभुवनला निजामाला लोळवलं तेव्हा, १७६३ साली, माधवराव अवघे १८ वर्षांचे होते. मरताना केलेली ती नऊ कलमांची याद, तिच्यात कर्ज फेडायचं लिहिलंय, दादासाहेबांची, म्हणजे काका रघुनाथरावांची, सोय लिहिलीय. म्हणजे मावशी माणूस खराच मोठा होता, असं म्हणाला, जसं काही मला आता धीर देतोय. आणि रमाबाई? मी विचारलं. तो थोडं थांबून म्हणाला, कागदांत फार थोड्या आहेत गं.

फार थोड्या. हे मला झोपू देत नाहीये.

माझ्यासाठी रमाबाई म्हणजे मला ओळखीची बाई आहे. चालते कशी, रुसते कशी, नवरा मोहिमेवरून येईपर्यंत दिवस कसे काढते, मला ठाऊक आहे. माधवरावांचा चेहरासुद्धा माझ्या डोळ्यांपुढे रवींद्र मंकणींचा आहे आणि रमाबाईंचा मृणालचा, कारण दूरदर्शनवर मालिका लागायची तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या चाळीत दोनच टीव्ही होते, आम्ही दहा-बारा जणी जोशीकाकूंकडे जमिनीवर बसून बघायचो आणि एकमेकींकडे न बघता रडायचो. त्या वयात जे आत जातं ते मुरतं. पण ते रडणं कुणासाठी होतं? थेऊरला गेलेल्या खऱ्या माणसासाठी की कोवाडला बसून एका लेखकाने घडवलेल्या माणसासाठी? चाळीस वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नाही, आणि आता पडलाय तर मला माझी फसवणूक झाल्यासारखं वाटतंय, आणि ती कुणी केली म्हणावं तर कुणीच नाही. पुस्तकावर कादंबरी असं स्वच्छ छापलेलं आहे. मीच ते वाचलं नाही.

सोमवारी रात्री आईची प्रत काढली. माळ्यावरच्या पेटीतली बाकी पुस्तकं दादाकडे गेली, ते असो. ही एक मी आणली होती. तिला खाकी कव्हर आहे, आईने गव्हाच्या खळीने चिकटवलेलं, पाठीवर निळ्या शाईत नाव. आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती, मी 'स्वामी' वाचली ती शाळेच्या लायब्ररीतून आणून. आई दरवर्षी वाचायची, दिवाळीचं आवरलं की, म्हणजे कार्तिकातच, दुपारी जेवणं झाल्यावर खिडकीच्या उजेडात, पाय लांब करून. तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

पुस्तक मिटलेलंच हातात होतं आणि मी त्याची कड बघत होते, पानांची, जिथे बोटं लागतात तिथली. पहिल्या पानापासून कड मळकट तपकिरी, जवळजवळ काळपट, हात लागून लागून गुळगुळीत झालेली, एका ठिकाणी हळदीच्या बोटाचा पिवळा डाग आत उतरलेला. आणि मग शेवटी शेवटी, बोटभर जाडी राहिली असेल, तिथून कड एकदम उजळ. रेघ मारल्यासारखी. त्याच्या पुढची पानं तशीच्या तशी, जुनी झालीत म्हणून पिवळी पडलीत, पण मळलेली नाहीत. उघडून बघितलं. माधवराव थेऊरला यायच्या आसपासच ती रेघ येते.

आई शेवट वाचायचीच नाही.

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. ती तिथपर्यंत यायची आणि पुस्तक मिटायची आणि चहाला उठायची, आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा पहिल्या पानापासून, पुन्हा सोळाव्या वर्षी गादीवर बसलेला तो मुलगा, पानिपत नुकतंच झालेलं, वडील त्या धक्क्याने गेलेले, घरात काका, डोक्यावर कर्ज. ती त्याला दरवर्षी तिथवर सुखरूप आणून ठेवत होती. एकदा तरी शेवट वाचला असणारच तिने, त्याशिवाय कुठे थांबायचं हे कसं कळलं असतं. एकदाच वाचला असेल.

त्यानंतर मी खूप वेळ रडले, खोटं कशाला बोलू. कशासाठी ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आई गडहिंग्लजची. कोवाड तिथून जवळ, चंदगड तालुक्यात, ताम्रपर्णीच्या काठी. पुण्यातलं कुणी 'स्वामी'बद्दल बोलायला लागलं की ती मध्येच म्हणायची, "आमच्या कोवाडचा माणूस आहे तो, पुण्याचा नव्हे." अभिमान म्हणजे किती असावा. शनिवारवाडा पुण्याचा, पेशवे पुण्याचे, पण त्यांना पुन्हा उभं केलं ते आमच्या सीमेवरच्या एका खेड्यातल्या माणसाने, असं तिचं म्हणणं. आणि खरंच आहे ते. शनिवारवाड्यात गेलात तर काय आहे आत? १८२८ साली जळाला तो, तट राहिलेत, दिल्ली दरवाजा राहिलाय, आणि जोती. नुसती दगडी जोती आणि त्यावर गवत. तिथे जो जो मराठी माणूस 'इथे माधवराव बसत असतील' असं म्हणत उभा राहतो ना, त्याच्या मनातल्या भिंती, पडदे, समया कुठून येतात? जळालेल्या वाड्याला छत घातलं ते लेखकांनी. १९६२ साली 'स्वामी' आली तेव्हा रणजित देसाई ३४ वर्षांचे होते. दोन वर्षांनी साहित्य अकादमी मिळालं, पुढे पद्मश्रीही, पण मला विचाराल तर त्याहून मोठं म्हणजे लोकांनी त्यांचं नावच बदललं. स्वामीकार. आपल्याकडे ही पद्धतच आहे, पुस्तक इतकं आवडलं की लेखकाला त्याच्याच नावाने हाक मारायची, मृत्युंजयकार म्हणतात तसं. हे कुठल्या समितीने ठरवलेलं नसतं. आईसारख्या बायकांनी, लायब्ररीत नंबर लावून बसलेल्या मास्तरांनी दिलेलं असतं ते.

आईला त्यांना पत्र लिहायचं होतं. "एकदा लिहीन," म्हणायची. ते १९९२ च्या मार्चमध्ये गेले, पेपरात बातमी आली त्या दिवशी तिने भाकऱ्या थापल्या आणि जेवली नाही. पत्र राहिलं ते राहिलंच.

आज दुपारी भाच्याशी पुन्हा बोलले, मीच फोन केला. म्हटलं तुझं बरोबर आहे. ते मी मनापासून म्हटलं, कारण तो म्हणाला ते खरंच बरोबर आहे आणि मला ते पटायला तीन दिवस लागले. त्याने 'ध चा मा'ची गोष्ट काढली. आनंदीबाईंनी अक्षर बदललं याला भक्कम पुरावा नाही, पण आज कुणालाही विचारा, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एका बाईवर अडीचशे वर्षं तो डाग आहे, कारण गोष्ट चांगली आहे. मावशी, गोष्ट चांगली असली की कुणी विचारत नाही तिथे कोण होतं, म्हणून आम्ही विचारतो. मला एकदम लख्ख दिसलं. हा आपल्यावर हसत नव्हता. हा त्या बाईच्या बाजूने विचारत होता.

रमाबाईंच्या बाजूने पण विचारायला हवं कुणीतरी. मी शाळेत असताना त्या सती गेल्या ते वाचून अंगावर काटा यायचा, अभिमानाचा. परवा त्या वृंदावनापाशी ते हळदकुंकू बघून नाही आला. तिचं वय काय असेल तेव्हा, माझ्या ऑफिसातल्या त्या नव्या मुली... जाऊ दे, हे आज नको.

पण त्याला मी एक सांगितलं नाही, इथे लिहिते. आई गेली त्या रात्री हॉस्पिटलात मी एकटीच होते. ताई गाडीत होती, दादाला कळवलं होतं. पहाटे तीनच्या पुढे आई जागी झाली आणि दोन वाक्यं बोलली. तिसरं अर्धंच. तिथे कोण होतं ऐकायला? मी होते. कुठल्या कागदात आहे? नाही. केसपेपरवर वेळ आहे आणि बीपी आहे. मी नसेन तेव्हा ती वाक्यं नसतील, आणि कुणी आईबद्दल लिहायचं ठरवलंच तर त्याला ती आपल्या मनाने घालावी लागतील, आणि कदाचित चुकीची घालेल, पण तो निदान तिला काहीतरी बोलू तरी देईल. केसपेपर तर तिला गप्पच ठेवतो.

म्हणून मला माझी रमाबाई सोडवत नाही. ती खरी रमाबाई नसेल, मान्य. देसाईंनी ऐकलेली आहे ती. आणि मी त्यांच्याकडून ऐकलेली. आणि तो जे शोधतोय ते त्याने शोधावं, कर्जाचे कागद, यादी, पत्रं, मला आता ते सगळं वाचायचं आहे, नऊ कलमांचा फोटो त्याने पाठवलाय, मोडीतून बाळबोधीत केलेला, मी चष्मा लावून सावकाश वाचतेय आणि मला त्या कोरड्या कलमांतून तोच माणूस दिसतोय, काय करू.

आत्ता, हे लिहीत असताना त्याचा मेसेज आला. मावशी, स्वामी देशील का वाचायला, मी शाळेत असताना अर्धी वाचली होती, आता पूर्ण वाचतो.

म्हटलं, नवी घेऊन देते, उद्याच अप्पा बळवंत चौकात जाते. ही नाही देणार. हिची शेवटची पानं मळायला नकोत.