पाठ का वाकते

पाठीतून वाकलेल्या म्हातारीविषयी आमच्या वऱ्हाडात सर्रास म्हटले जाते की, जन्मभर भारे वाहून वाहून तिची पाठ वाकली. भाऱ्यावर ठेवलेला हा आळ मला पुरता खरा वाटत नाही.

प्रौढ माणसाच्या २०६ हाडांत मांडीचे लांब हाड आहे, पऱ्हाटीतून कापूस वेचणाऱ्या मनगटातली आठ आखूड हाडे आहेत, डोक्यावरचे ओझे पेलणारी कवटीची चपटी हाडे आहेत आणि कोणत्याच साच्यात न बसणारे मणके आहेत. गुडघ्याच्या वाटीचे मला विशेष कौतुक वाटते. ती मांडीच्या स्नायूच्या कंडरेतच, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोरीतच घडते, जन्मतः निव्वळ कूर्चेची, म्हणजे लवचीक मऊ हाडाची असते, आणि निंदणाला उकिडवी बसलेली बाई उठते तेव्हा त्या स्नायूचा जोर वाढवते.

ही सारी हाडे जिवंत असतात. पावसाळ्यापूर्वी घरावरचे फुटके कवेलू उतरवून नवे बसवावेत, तसे काम त्यांच्यात बारमाही चालते. ऑस्टिओक्लास्ट ही अनेक केंद्रकांची मोठी पेशी आम्ल सोडून जुने हाड विरघळवते, आणि तिच्यामागून आलेल्या ऑस्टिओब्लास्ट पेशी तो खड्डा भरतात. एका जागेचे उकरणे दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरणीला मात्र तीन-चार महिने लागतात. भरता भरता काही ऑस्टिओब्लास्ट स्वतःच हाडात गाडल्या जातात. त्यांनाच पुढे ऑस्टिओसाइट म्हणतात. त्या वर्षानुवर्षे जगतात, बारीक तंतूंनी एकमेकींशी जोडलेल्या राहतात आणि हाडावर किती ताण पडतो आहे हे ओळखून कुठे भर घालायची, कुठे काढायचे, याचे इशारे देतात. ताणानुसार हाड आपली घडण बदलते, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडले होते. म्हणजे झेपेल इतका भारा हाडाला उलट बळकटीच देतो.

खरे बिघडते ते पाळी गेल्यानंतर. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक घटले की उकरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि भरणी मागे पडते. पोटाला दूध-डाळ बेताचीच मिळाली असेल, तर मुळातली पुंजीही तोकडी असते. आतून जाळीदार असलेल्या मणक्यांना याची झळ लवकर लागते, आणि मग पडायचीही गरज उरत नाही; पाण्याची बादली उचलतानाही एखादा मणका पुढून खचतो. म्हातारीला वाटते, पाठीत उसण भरली. ती तेल चोळून घेते, आणि एक्स-रे निघेपर्यंत बहुधा आणखी एखादा मणका खचलेला असतो.