तंबोरे कुठं गेले?

यंदाच्या जुलैत बेळगावात टिळकवाडीला आमच्या शाळेतल्या सरांच्या घरी गेलो होतो. ते काम अजून डोक्यातनं जात नाही. मुलानं पुण्याहून जुने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर पाठवले होते. ते जोडायचे आणि ठेवायचे की परत धाडायचे ते सांगायचं, एवढंच काम.

या जातीच्या स्पीकरला खोकं नसतं. सच्छिद्र धातूच्या दोन पत्र्यांमध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि त्यावर हजारो व्होल्टचा भार असतो. १९५७ साली क्वाड कंपनीनं खर्जापासून तारसप्तकापर्यंत सगळे सूर देणारा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला, तेव्हापासून कान असलेली माणसं यांच्यामागं वेडी आहेत. उगीच नाही. सरांनी कुमार गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. कुमार म्हणजे आमच्या सुळेभावीत जन्मलेले, सरांचं दैवत. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती आस, अशी उलगडली की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

पण खोली बारा बाय दहा. पडदा पुढं जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागं टाकतो, तोही उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढं हवा दाबली जाते तेव्हा मागं ओढली जाते. खर्जाच्या लांब लहरी कडेनं वळसा घालून पुढं येतात आणि पुढच्या आवाजाला खातात, म्हणून डग्ग्याचा घुमारा निम्मा झाला. शिवाय मागची भिंत जवळ असली की तिथून परतणारा आवाज सगळं गढूळ करतो. टेप धरून स्पीकर भिंतीपासून चार फूट पुढं ओढले, तर चालायला वाट उरेना. या स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, वरच्या सुरांत एक-दोन ओहमपर्यंत घसरू शकतो, साधा ॲम्प्लिफायर त्यापुढं बंद पडू शकतो. हे ठाऊक असल्यानं मी माझ्या दुकानातला भक्कम ॲम्प्लिफायर नेला होता. एवढी तयारी विकणाऱ्यांनी केलेली मी कधी पाहिली नाही. खोली केवढी आहे हेही ते विचारत नाहीत, याचा मला संताप येतो.

पाऊस चार दिवस थांबला नव्हता. दमट हवेत भार गळतो. डावा पडदा अधूनमधून चर्रचर्र करत होता. खिडकीच्या गजावर ओल, सीडीच्या कव्हरांना बुरशी. बेळगावच्या पावसाळ्यात हे दर वर्षी होणार.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, नेहमीच्या झोपाळ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तंबोरे कुठं गेले?"

मी उठून त्यांच्याजवळ बसलो. खरंच गेले होते. ५ किलोहर्ट्झची लहर जेमतेम ७ सेंटीमीटरची, पडदा तिच्या कितीतरी पट रुंद. असे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. सरांच्या खुर्चीत जवारी होती, चार फुटांवरच्या झोपाळ्यावर नुसता गळा.

गेली चाळीस वर्षं ही दोघं रात्री जेवण झाल्यावर एकत्र गाणं ऐकतात. मी म्हणालो, "सर, परत पाठवा. चांगले खोक्याचे स्पीकर मी बघून देतो."

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, दोन खुर्च्या एकामागं एक ठेवल्या तर?"

ठेवून बघितल्या. काकू मागच्या खुर्चीत, हात सरांच्या खुर्चीच्या पाठीवर. डोळे मिटून त्या मान हलवू लागल्या, आणि मला पुढं काही बोलता येईना.

परवा सरांचा फोन आला. स्पीकर अजून तिथंच आहेत, चर्रचर्रही आहे. झोपाळा मात्र काढलाय. "दिवाळीनंतर हवा सुकली की टेप घेऊन ये," म्हणाले.