आता लिही

बुद्धिबळाचा पंच म्हणजे दिवसभर गप्प बसायचे पैसे, असं आमच्या दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांना वाटतं. मानधनाचा आकडा ऐकला तर तेही वाटणार नाही.

बडोद्यातच, दहा खेळाडूंची नॉर्मची स्पर्धा. नॉर्म म्हणजे ग्रँडमास्टर किताबासाठी एका स्पर्धेत करून दाखवायची ठरावीक कामगिरी; अशा तीन लागतात. प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग २३८०, म्हणजे ग्रँडमास्टर नॉर्मला ९ डावांत ७ गुण हवेत. शेवटच्या फेरीआधी सतरा वर्षांच्या एका मुलाचे साडेसहा झालेले. दोन नॉर्म आधीचे, २५०० रेटिंगची अटही पुरी. म्हणजे नुसती बरोबरी झाली तरी किताब. दप्तराएवढा होता तेव्हापासून ओळखते मी त्याला. समोर चाळिशीचा ग्रँडमास्टर, एक प्यादं जास्त.

पन्नासाव्या चालीनंतर मुलगा हत्तीनं शह देत राहिला. राजा मागे, राजा पुढे. मी बाजूला उभी राहून चाली टिपत होते. ६१व्या चालीला पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, आणि तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते.

आपल्या चालीनं ती येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल, तर चाल आधी कागदावर लिहायची, मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवायचं, पंचाला बोलवायचं. गंमत म्हणजे एरवी चाल आधी लिहायला बंदी आहे! लहान मुलांच्या स्पर्धांत त्यावरून मी कित्येकांना दटावलंय. यालाही दटावलं असेन. आणि ओपनिंगच्या पंचवीस चाली घोकून घेणारे कोच बरोबरीच्या नियमांचं कलम ९ एकदाही वाचून दाखवत नाहीत.

त्यानं हत्ती ठेवला आणि मग घड्याळ थांबवलं.

"मॅडम, तीनदा झालं."

झालंच होतं. पण चाल खेळली की त्या चालीवरचा हक्क गेला. मी दावा फेटाळला. स्थिती पाचव्यांदा आली तर मी स्वतःहून डाव थांबवू शकते. तिसऱ्यांदा आली तर नाही. ग्रँडमास्टरनं पाणी प्यायलं आणि राजा दुसऱ्या बाजूनं काढला. त्याला काय बोलणार? शिकवण्या आणि बक्षिसाच्या रकमेवर घर चालतं त्याचं. अकरा चालींत डाव संपला.

बाहेर वडील थांबले होते. "ताई, तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

अपिलाची फी भरायला त्यांनी पाकीट काढलं. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या. मी खेळलो होतो ना आधी."

रात्री गठ्ठा लावताना त्याचं स्कोअरशीट वरच होतं. ६१वी चाल बाकीच्यांपेक्षा गडद उमटलेली. दावा फेटाळल्यावर मीच म्हणाले होते, "आता लिही."