सी हॅरियर अपडेट : चाकं अधांतरी, पंख फ्रीजरात

मंडळी, मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलेलं ना की सी हॅरियरचं (नौदलाचं लढाऊ जेट) 1:72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल आता फक्त रंगायचं राहिलंय, ते शब्द परत घेतो. प्रायमर मारायच्या आधी सहज काचेवर उभं केलं नि बघतो तर पंखांच्या टोकांची दोन्ही आउटरिगर चाकं (तोल सांभाळणारी छोटी आधाराची चाकं) हवेत. चांगली दीड मिलिमीटर!

आधी वाटलं पाय आखूड झालेत. स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे जोडून लांबवले तर विमान चिखलातल्या बगळ्यासारखं दिसायला लागलं, काढून टाकले. पोटाखालचा मेन पाय घासला तर नाक आणखी वर. तीन रात्री यातच गेल्या.

शेवटी रविवारी भाच्याला घेऊन फोंड्याहून बस बदलत बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय गाठलं (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा, आणि पाण्याची बाटली न्याच). बाहेरची विमानं उन्हात तापलेली, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशनचं धूड बघून अजूनही छाती दडपते. भाचा कामोव्ह हेलिकॉप्टरच्या एकावर एक दोन पंख्यांपाशी अडकला, मी हॅरियरसमोर उकिडवा. डिस्प्लेच्या विमानाच्या चाकांवर मी विश्वास ठेवत नाही, पण पंख खोटं बोलत नाहीत. नाकासमोरून फोटो काढला, घरी येऊन कोनमापक लावला. खऱ्याचे पंख दोन्हीकडे साधारण 12 अंश खाली, माझे 10. या स्केलला एका अंशामागे चाकापाशी पाऊण मिलिमीटर फरक पडतो, म्हणजे दीडचा हिशोब चोख! पाय बिचारे निर्दोष, चिकटवताना मीच चिमटे लावून पंख सपाट केलेला.

मग जुनी युक्ती, थंडीत सुपरग्लू ठिसूळ होतो म्हणून अख्खं विमान रात्रभर फ्रीजरात बांगड्यांशेजारी. आई म्हणते, "हे तळायचं की हुमण करायचं?" सकाळी जरा पिळलं, कट्कन आवाज, पंख अख्खाच्या अख्खा हातात! मडगावच्या एका दुकानातून आणलेल्या ज्या शिळ्या सुपरग्लूला तीन महिने शिव्या घातल्या, त्यानेच वाचवलं.

आता गरम पाण्यात धरून पंख वाकवणार होतो, पण पंख हातात, खाली उघडं पोट, आणि डोक्यात लाईट पेटली. खऱ्या हॅरियरचं इंजिन बदलायलासुद्धा अख्खा पंख उचलून बाजूला ठेवावा लागतो! मग चिकटवायचाच कशाला? 2016 ला निवृत्त होण्याआधीचं हंसाचं (नौदलाचा गोव्यातला विमानतळ) हँगर करू, विमान जॅकवर, पंख घोड्यावर (टेकू द्यायचा स्टँड), शेजारी पेगासस, म्हणजे हॅरियरचं इंजिन. आउटरिगर पंखाबरोबरच जातात, म्हणजे चाकं टेकवायची कटकटच गेली. पंख वाकवणार तरीही, 10 अंश आता बघवत नाही.

पेगासस मात्र घरीच घडवायचं. त्याच्या झोत सोडणाऱ्या चार तोंडांपैकी पुढचे दोन नोझल थंड हवेचे, ते स्वच्छ ठेवायचे, जळका रंग फक्त मागच्या दोघांना. इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा व्यास 1.22 मीटर, म्हणजे आपल्याला 17 मिलिमीटर, आणि भाच्याच्या जाड मार्करचं टोपण बरोब्बर तेवढं भरलंय. तो शाळेतून यायच्या आत कापून घेतो.