पत्रकाखाली माझं नाव जातं

2022 च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुकांची धामधूम होती. कोल्हापुरात गंगावेशीतल्या माझ्या छापखान्यात रात्री बारा-बारापर्यंत मशीन चालू असायचं. अशाच एका रात्री करवीर तालुक्यातल्या एका गावचा विशी-बाविशीतला पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला. दोन हजार पत्रकं, एका रंगात, सकाळी सातला हवीत म्हणाला. मजकूर वाचल्याशिवाय मी प्लेट काढत नाही, कारण निवडणुकीच्या पत्रकाखाली मुद्रक म्हणून माझं नाव जातं. सुरुवातीला नेहमीचंच होतं सगळं. गटारी, दिवाबत्ती, पाणंद रस्ता. शेवटच्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं, ‘अमावस्येला आमच्या उमेदवाराच्या दारात लिंबू-बाहुली टाकून करणीच्या जोरावर गावावर राज्य करू पाहणाऱ्या घराण्याला ओळखा.’

म्हटलं, एवढा परिच्छेद काढ, बाकीचं आत्ता लावतो.

“छापा की ओ काका,” तो म्हणाला. “नाव कुणाचं घातलंय?”

“गावाला नाव लागतंय व्हय?” मी म्हटलं. “घर सगळ्यांना माहीत असणार.”

तो जरा गप्प बसला, आणि मग जे बोलला ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. “पंतप्रधान सोता काळी जादू म्हणालेत. टीव्हीवर दावलंय. त्यास्नी कोण इचारलं?”

खोटं बोलत नव्हता तो. त्याच वर्षी 5 ऑगस्टला काँग्रेसवाल्यांनी काळे कपडे घालून महागाईविरोधात आंदोलन केलं होतं, आणि 10 तारखेला पानिपतच्या इथेनॉल प्रकल्पाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ‘काळी जादू पसरवायचा प्रयत्न’ असं त्याचं वर्णन केलं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि जेवायला बसलो. पोराला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. छापणार नाही, एवढंच म्हणालो. तो पेनड्राइव्ह घेऊन निघून गेला.

मी इतका का अडलो, ते सांगायचं तर थोरल्या काकींचं सांगावं लागेल.

काकी गावी एकट्या राहायच्या. काका लवकर गेले. एक म्हैस आणि पंधरा गुंठे रान एवढ्यावर त्यांचं चालायचं. जादूटोणाविरोधी कायदा यायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. गावात पॅनेल-पॅनेल झालं, एक उमेदवार सात मतांनी पडला. आठवड्याभरात त्याची म्हैस आटली. कुणीतरी त्याला देवऋषाकडे नेलं. देवऋषी म्हणाला, करणी आहे, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं केलीय, तुमच्या मावळतीच्या अंगाला तिचं घर आहे. त्या अंगाला विधवा एकच होती. त्यात निकालाच्या आदल्या रात्री काकींना गावच्या तिकटीवर भात-लिंबू ठेवताना कुणीतरी बघितलं होतं. ते खरंच होतं. नातवाचा ताप उतरत नव्हता म्हणून त्यांनी उतारा टाकला होता. असा उतारा आमच्याकडं घरोघरी टाकतात. माझ्या आईनं माझ्यावरून टाकलेला आहे. पॅनेलला मत मागायला आलेल्या बायकांनीही आयुष्यात कधी ना कधी टाकलेला असणार.

काकींना कुणी मारलं नाही, कुणी धिंड काढली नाही. जे झालं ते दूध संस्थेत झालं. सकाळी साडेसहाला किटल्यांची रांग लागते, फॅट लागतं, लिटर लिहून घेतात आणि दूध कॅनमध्ये ओततात. पहिल्या दिवशी पुढची बाई म्हणाली, हिचं दूध आमच्या कॅनमध्ये नको. दुसऱ्या दिवशी काकींची किटली रांगेतून उचलून भिंतीकडेला ठेवली. मी त्या आठवड्यात गावी गेलो होतो, त्यांच्याबरोबर तिथं उभा होतो. काकी भांडल्या नाहीत. “माझं शेवटी घ्या, पर घ्या,” एवढंच म्हणत राहिल्या. लिहून घेणारा पोरगा आमच्याच भावकीतला. वहीतून मान वर न करता म्हणाला, “काकी, उद्या बघू.” चार लिटर दूध घेऊन आम्ही घरी आलो. त्यांनी ते घमेल्यात ओतून रेडकापुढं ठेवलं, आणि ते पिईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

उद्या बघू असं म्हणता म्हणता दीड महिना गेला. मग त्यांनी म्हैस विकली. माझ्याकडं गंगावेशीत येऊन राहिल्या आणि इथंच गेल्या. त्या रात्री उतारा का टाकला, एवढ्याचाच त्यांनी शेवटपर्यंत पस्तावा केला. बाकी कुणाविषयी शब्द काढला नाही.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षं अडकलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. मी त्याची अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली गुन्ह्यांची यादी, वाचायला घेतली ती एक मुद्रक म्हणून, कुणीतरी त्याची पत्रकं छापायला दिली होती. सहाव्या नोंदीशी येऊन थांबलो. एखादी व्यक्ती करणी करते, किंवा मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते, असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. जनावराचं दूध! कायदा लिहिणाऱ्यांनी असल्या किती काकी बघितल्या असतील, कुठल्या कुठल्या गावात! शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. दुपारची वेळ होती. मी मशीन बंद केलं आणि काकींना ते वाचून दाखवायला आत गेलो. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “हे सरकारनं लिहिलंय?”

दाभोलकरांच्या खुनानंतर दीड वर्षानं, 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी, सागरमाळावर कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. फिरून घरी येत होते. पानसरे चार दिवसांनी गेले. माणसाला शहाणं करायला निघालेल्यांची काय किंमत वसूल होते, ते आमच्या शहरानं आपल्या रस्त्यावर बघितलंय. म्हणून नेतेमंडळी जेव्हा सहज बोलल्यासारखं करणीचं बोलतात, तेव्हा मला ते सहन होत नाही.

आणि बोलतात सगळेच. यात पक्ष बघायची सोय नाही. शेजारच्या कर्नाटकात 2011 मध्ये येडियुरप्पा मुख्यमंत्री असताना म्हणाले, विरोधक माझ्या जिवावर काळी विद्या करतायत. त्याच वर्षी त्यांनी कुमारस्वामींना धर्मस्थळाला येऊन देवापुढं शपथ घ्यायचं आव्हान दिलं. आमच्याकडं मतदाराला शपथ म्हणून भंडारा उचलायला लावतात, त्यातलाच हा प्रकार. 2017 मध्ये त्याच राज्यानं अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, आणि 2024 च्या मे महिन्यात तिथलेच उपमुख्यमंत्री शिवकुमार म्हणाले की केरळात आमच्या सरकारविरुद्ध शत्रुभैरवी याग चाललाय, जनावरांचे बळी देतायत. केरळ सरकारनं असं काही नसल्याचं सांगितलं. पुढच्याच महिन्यात मालदीवमध्ये राष्ट्राध्यक्षांवर जादूटोणा केल्याच्या संशयावरून एका महिला मंत्र्यांना अटक झाल्याची बातमी आली.

मग 2025 च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्रातच संजय राऊतांनी सांगितलं की ‘वर्षा’ बंगल्याच्या हिरवळीत कामाख्येला बळी दिलेल्या रेड्यांची शिंगं पुरल्याची चर्चा आहे, म्हणून नवे मुख्यमंत्री तिथं राहायला जात नाहीत. पुरावा काही दिला नाही, कर्मचारी बोलतात म्हणाले. मुख्यमंत्र्यांनी सरळ उत्तर दिलं की बंगल्यात थोडं काम आहे आणि मुलीची दहावीची परीक्षा झाली की राहायला जाणार. तरी चार दिवस आमच्या टपरीवर शिंगांशिवाय विषय नव्हता. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी मान डोलवून ‘काहीतरी असणारच की’ म्हणत होतं. मला मात्र तो पेनड्राइव्हवाला पोरगाच दिसत होता. आता त्याच्याकडं आणखी एक दाखला झाला.

कौल लावावा, नवस बोलावा, अर्ज भरायला मुहूर्त काढावा. माझ्याकडं पहिलं पत्रक अंबाबाईच्या पायाशी ठेवून आल्याशिवाय दुसरं वाटू न देणारे उमेदवार येतात आणि मी त्यांना कधी एक शब्द बोलत नाही. त्यांच्या श्रद्धेनं कुणाची किटली रांगेतून उचलली जात नाही. दुसऱ्याकडं बोट दाखवून ‘यानं केलं’ म्हणायला लागला की माझ्या अंगावर काटा येतो. मंत्र्याकडं बोट दाखवलं तर त्याच्या पाठीशी पक्ष असतो, दारात पोलीस असतो, सकाळी उत्तर द्यायला माईक असतो. काकींकडं एक म्हैस होती.

त्या पोरानंतर मी एक काम केलं. सहावी नोंद मोठ्या टायपात लावली, ए-थ्री कागदावर छापली आणि काउंटरच्या काचेखाली ठेवली. निवडणुकीचं काम घेऊन येणाऱ्याची नजर आपोआप त्यावर पडते. गेल्या महिन्यात एक बाई पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, मोकळं कपाळ. गठ्ठा बांधून होईपर्यंत त्या काचेवर वाकून एकेक ओळ बोट लावून वाचत होत्या. वाचून झाल्यावर विचारलं, “ह्याची एक प्रत मिळंल का?”

दोन दिल्या. गाव कुठलं विचारलं, तर बोलल्या नाहीत. कागदाच्या चार घड्या करून त्यांनी पिशवीतल्या बटव्यात ठेवला, आणि पत्रिकांचा गठ्ठा तसाच काउंटरवर विसरून पायरी उतरल्या. मला मागून हाक मारावी लागली.