क्षला २ दिले, तरी राशी तशीच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: सिमपाय या बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इ = क्ष + १ ही बैजिक राशी लिहिली, मग क्ष = २ केलं, तरी इ विचारल्यावर ३ का येत नाही? मॅथेमॅटिका या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर येतं. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.)

सिमपाय चालतं पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत, आणि तिथे क्ष दोन आहेत. क्ष = सिम्बल्स('क्ष') म्हटलं की एक बैजिक चल तयार होतं आणि पायथनमधलं क्ष हे नाव त्याला चिकटतं. राशीत जातं ते चल, नाव नव्हे. क्ष = २ केल्यावर नाव २ला चिकटलं, चल राशीत होतं तिथेच राहिलं. आता इ.सब्स(क्ष, २), म्हणजे किंमत घालायची आज्ञा, दिलीत तर त्याचा अर्थ '२च्या जागी २ ठेव' असा होतो. एरर नाही, काही नाही. उत्तर क्ष + १. सिम्बल्सची ओळ पुन्हा चालवा, जुनी राशी नव्या क्षला ओळखते. फक्त आधी पॉझिटिव्ह=ट्रू (चल धन आहे ही अट) लावलं असेल तर तेही पुन्हा लावा. ते नसलेलं क्ष सिमपायच्या लेखी वेगळंच चल असतं; छापल्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात आणि सब्स मुकाट्याने काहीच करत नाही. सर्वात जास्त वेळ खाते ती ही चूक.

मॅथेमॅटिका आणि मेपल (तेही असंच सॉफ्टवेअर) राशी विचारली की दर वेळी शेवटपर्यंत किमती घालत जातात, म्हणून तिथे ३. त्याचा तोटा असा की सकाळी दिलेला क्ष = २ संध्याकाळच्या समीकरणातही घुसतो. मॅथेमॅटिकात क्लिअर[क्ष] करून किंमत पुसावी, किंवा मुळात किंमत न देता तेवढ्यापुरतं इ /. क्ष -> २ लिहावं. मॅक्सिमा हे चौथं सॉफ्टवेअर एकदाच किंमत काढतं. क्ष : २ नंतरही इ म्हणजे क्ष + १च, ईव्ही(इ) म्हटल्यावर ३.

क्ष आणि य यांची अदलाबदल करून पाहा. क्ष + २यचं व्हायला हवं २क्ष + य. सिमपायच्या सब्सला जोड्यांची यादी दिली तर आधी ३य होतं, मग ३क्ष; दोन्ही बदल एकदम व्हायला सायमल्टेनियस=ट्रू हवंच. त्यासाठी मेपलमध्ये जोड्या महिरपी कंसात द्या, मॅक्सिमात पीसब्स्ट ही आज्ञा. मॅथेमॅटिका एकाच फेरीत बदलतं, तिथे ही भानगड नाही.

पण त्याच मॅथेमॅटिकात क्ष^४ मध्ये क्ष^२ -> य चालत नाही. ते गणित बघत नाही, राशीची आतली मांडणी बघतं, आणि तिथे क्ष^२ हा तुकडाच नसतो. १/क्ष^२ सुद्धा आत क्षचा उणे दोनावा घात म्हणून असतो, तोही सुटतो. सिमपाय क्ष^४चं य^२ करून देतं. मॅक्सिमात रॅटसब्स्ट वापरा. मॅथेमॅटिकात सोपी वाट म्हणजे क्षच्या जागी यचं वर्गमूळ ठेवणं. मात्र राशीत विषम घात असतील तर क्ष ऋण नाही, ही अट तुमच्या नकळत आत येते.